गाळलेली ओळ

प्रिय माया आत्या, सप्रेम जय भीम.

शाळेआधी तूच मला घरी वाचायला शिकवलंस. ओळीखाली बोट ठेव, एकही ओळ गाळू नको, म्हणायचीस. काल मी एक गाळली.

बाबांच्या गाठीचा रिपोर्ट आला. लिम्फोमा निघाला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर; हा प्रकार क्वचितच कुणाला होतो. डॉक्टरांनी मला शेवटची ओळ समजावली. जनुकं तीच आहेत, पण त्यांना चालू-बंद करणाऱ्या खुणा बदलल्या आहेत. अशांना औषध फारसं लागू पडत नाही. वर्ष निघणं कठीण.

घरी बाबा म्हणाले, "वाच वं पोट्टी, मराठीत सांग."

शेवटच्या ओळीआधीच मी कागदावरून बोट उचललं.

"म्हंजे औषधानं बरा होतो मी?"

"हव, बाबा."

"मंग यंदा दसऱ्याले दीक्षाभूमी राहू दे. कमजोरी वाटून राहिली. पुढच्या साली जाऊ, मायाकडे आठ दिवस राहू. तिकिटं कॅन्सल कर."

मी पुन्हा हव म्हणाले.

मी तुला लिहिलेलं प्रत्येक पत्र तू फोनवर बाबांना वाचून दाखवतेस, काहीही न गाळता. म्हणून हे पोस्टात टाकणार नाही.

तिकिटं मात्र अजून ठेवली आहेत.

तुझी,
रुचिता