आठवणीच्या गोळ्या, निम्म्या-निम्म्या

५ मे
पेणहून यष्टीने रोह्याला. नणंद शोभा वरशाच्या नाक्यावर रणरणत्या उन्हात उभी, छत्री काखेत. "उघड की गो ती!" तर म्हणे, विसरलेच. आम्हा दोघींना चाचणीत घेतलं ते योग्यच. दवाखान्यात आठवणीच्या गोळ्या तपासून बघतायत. डॉ. बाई म्हणाल्या, आजार नाही तुम्हाला, नुसती विसरल्याची तक्रार. अशीच धडधाकट माणसं हवीत. शब्द वाचून दाखवले. मला पाच आठवले, त्यातला एक त्यांनी वाचलाच नव्हता!
कुणाच्या डबीत खरी गोळी, कुणाच्या नुसती भुकटी. डॉ. बाईंनाही ठाऊक नाय.

६ मे
गणपतीच्या कारखान्यात मालकांना, दादांना, सांगितलं. मागच्या हंगामात एका मूर्तीचा डावा डोळा आखायचा राहिला माझ्याकडून. गिऱ्हाईक घरून परत आलं. तेव्हापासून दादांनी मला मूर्तींचे शेले रंगवायला बसवलंय. आज म्हणाले, "गोळ्यांचा निकाल येऊ दे, मग बघू डोळ्यांचं." उभा जन्म आखणीत गेला आणि आता शेले! रडू आलं. पण निकाल चांगला लागला तर...

१८ मे
शोभा आली, डबी घेऊन. "वयनी, तुला खरी नि मला भुकटी असली तर?" उलटंही असेल. एक करंजी आली तरी आम्ही दोघी मोडून खातो. मग हे का नाय? दोन्ही डब्या परातीत ओतल्या, कालवल्या, निम्म्या-निम्म्या भरल्या. जिवाला बरं वाटलं.

९ जून
शोभाचा फोन. माझी कढई तुझ्याकडे हाय म्हणे, कधीची. खरंच आहे. गोळी लागू पडली मेली!

३० जून
परत शब्द. मला धडाधड आठवले, शोभाला माझ्याहून जास्त. डॉ. बाई खूश. शोभाला कुठला धीर! "वाटून घेतल्या ना, म्हून दोघींना लागल्या." झालं. बाईंनी कपाळाला हात लावला, मग हसू आवरेना त्यांना. "काकू, तुमचे आकडे आता धरता येणार नाहीत. गोळ्या बंद."
निकालच नाय, तर दादांना दाखवू काय? शोभा रडवेली. "माझ्या तोंडाला कुलूप लाव गो." म्हटलं, आधी भजी घाल त्यात. स्टँडवर खाल्ली. हसलो मग, पोट दुखेपर्यंत.

१ जुलै
दादांना खरं ते सांगितलं. अख्खा कारखाना खो-खो हसला. दादाही. मग एक मूर्ती माझ्यापुढे सरकवली. "बसा. आखा."
कुंचला रंगात बुडवला. हात स्थिर. पापणी, बुबुळ, भुवई. बघता बघता तो माझ्याकडे बघायला लागला. इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता. खरी गोळी होती की भुकटी, देव जाणे.
दादांनी वाकून दोन्ही डोळे न्याहाळले. "उद्या लवकर या."
उद्यापुरतं की अख्खा हंगाम? विचारलं नाय. जाते तर खरी.