लुत्फीच्या दाढीचा ब्रश

सोमवार, २२ मे

आज अकरा केस! लुत्फीच्या तोंडावरून एकेक करून वेचले. गालांवर पाच, हनुवटीवर तीन, मिशीत दोन, एक तर चक्क कानात. हा दाढीचा ब्रश आहे की पिसं झडणारी कोंबडी?

"जुना झाला रे, टाकून देऊ," म्हटलं, तर डाव्या हाताने मूठ घट्ट धरून बसला. "ना."

अर्धांगाचा झटका आल्याला चार महिने झाले. या माणसाकडे तीनच शब्द उरलेत— ना, हं आणि चहा. त्यात 'ना' सगळ्यात खणखणीत.

त्याचंही बरोबर आहे म्हणा. ब्रशाची मूठ त्याने स्वतः कोरलेली, अक्रोडाच्या तुकड्यातून, आमचं लग्न ठरलं त्या वर्षी. आमच्या दुमयात शहरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत त्याच्या हातच्या खुर्च्या आहेत. अजून रस्त्यातले लोक उस्तादाच्या मानाने 'ओस्ता लुत्फी कसे आहेत?' असंच विचारतात. ओस्ता आता गाल पुढे करून बसतो आणि मी कारागीर!

बुधवार, २४ मे

ब्रश व्हिनेगरच्या पाण्यात भिजवला, धुतला, केस खाली करून खिडकीच्या गजाला टांगला. शेजारचा बय्यूमी सांगतो, पाणी मुळाशी मुरलं की गोंद सुटतो.

आज सकाळी मोजले— नऊ. म्हणजे दोन केसांचा फायदा.

शुक्रवार, २६ मे

डॉक्टर येऊन गेले. "औषधाने व्हायचं ते झालं. आता त्यांनी स्वतः मनावर घेतलं पाहिजे."

घेत नाही ना! व्यायामाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड. रबरी चेंडू उजव्या हातात दिला की सोडून देतो, तो पलंगाखाली. समोर शिजवलेला पावटा ठेवला, वर तेल, लिंबू, त्याला आवडतं तसं— दोन घास आणि 'ना'. दिवसातून एकदाच हा माणूस जागा होतो, दाढीच्या वेळी. मान वर करतो, गाल फुगवतो, डोळे मिटून घेतो. म्हणून मी रोज करते. धडधाकट होता तेव्हा आठवड्यातून दोनदा करायचा, तेही मी ओरडले की!

मला फार काही नको. हात चालो न चालो. त्याला जगावंसं वाटलं पाहिजे, एवढंच.

मंगळवार, ३० मे

चौदा!!

शुक्रवार, २ जून

हाझिम आला कैरोहून. बापासाठी नवा ब्रश आणि विजेवरचं दाढीचं यंत्र घेऊन. यंत्र घर्र वाजलं तशी लुत्फीने मान फिरवली. नवा ब्रश हातात दिला, तर त्याने तो चहाच्या ग्लासात बुडवला आणि माझ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांचा संसार आहे, हसू दाबायला मला ओठ चावावा लागला.

"बाबा, लहान मुलासारखं काय करता!" हाझिम म्हणाला. मग स्वयंपाकघरात मला— "आई, तू किती पुरणार? एक माणूस ठेवू. अंघोळ, दाढी, सगळं तोच करेल. शिकलेला असतो."

"दाढी करायला शाळा लागते का रे?"

"तुझे गुडघे बघ आधी."

उंटावरचा शहाणा! पण गुडघ्यांचं खरं आहे. विचार करते म्हणाले.

सोमवार, ५ जून

शेवटी ब्रश बय्यूमीकडे नेला. तो फर्निचरला पॉलिश मारतो, जन्म ब्रशांत गेला त्याचा. उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला.

"हाझिमच्या आई, हा झडत नाहीये."

"मग मी रोज वेचते ते काय, शेवया?"

"ऐका तर. झडणारा ब्रश मधून विरळ होतो. हा एकाच बाजूने टकला झालाय. गाठ कशी पक्की आहे बघा. कुणीतरी उपटतंय. मांजर असेल."

आमच्याकडे मांजर नाही.

शुक्रवार, ९ जून

पकडला!!

कोमट पाणी आणायला गेले आणि टॉवेल विसरला म्हणून अर्ध्यातून परत फिरले. पायात चपला नव्हत्या, म्हणून त्याला चाहूल लागली नाही. दारातून बघते तर— ब्रश उजव्या हातात. उजव्या! त्या मेल्या हाताची बोटं मुठीभोवती मिटलेली. आणि डाव्या हाताने एकेक केस चिमटीत धरून उपटतोय नि फेसात ठेवतोय. एक डोळा बारीक, जिभेचं टोक ओठांत. नक्षीत पाकळी कोरताना अगदी असाच दिसायचा.

तशीच मागे गेले. मग भांडी वाजवत आत आले. "अगं बाई, आज तर तेरा!" त्याचा चेहरा असा, जणू याच्याइतका गरीब माणूस दुमयातमध्ये दुसरा नाही.

दाढी पाच मिनिटांत उरकते. केस वेचायला अर्धा तास लागतो. चष्मा लावून मी त्याच्या गालाशी गाल नेते, फुंकर मारते, बोटाच्या टोकाने उचलते, आणि हात चालू की तोंडही चालू— कुणाची मुलगी कुणाला दिली, मशब्बक मिठाईवाल्याच्या दुकानात कोण कुणाशी भांडलं. एवढ्यासाठी होय! लबाड म्हातारा. एरवी या चार महिन्यांत मी इतकी जवळ बसलेच नव्हते, औषधं देत होते नुसती.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने रडले. कुणाला सांगणार नाही, हाझिमला तर नाहीच. आणि लुत्फीलाही ताकास तूर लागू देणार नाही.

सोमवार, १२ जून

आठवड्याने जिल्हेज महिन्याचा चंद्र दिसेल. ज्याच्या नावाची कुर्बानी, त्याने तेव्हापासून ईदपर्यंत केस कापायचे नाहीत, नखं काढायची नाहीत. या घरात कुर्बानी लुत्फीच्याच नावाची असते, त्यामुळे ईदला दरवर्षी नमाजाला जायचा तो दाढीचे खुंट वाढलेला, चोरासारखा. म्हणजे मला दहा दिवस सुट्टी.

"पुढच्या आठवड्यापासून दाढी बंद बरं का," केस वेचता वेचता त्याला म्हटलं. त्याने डोळे उघडले. मग ब्रशाकडे बघितलं.

मलाही बरं वाटलं नाही. पण धर्माच्या गोष्टीत त्याने कधी कसूर केली नाही, मी कोण त्याला मोडता घालणार?

शुक्रवार, १६ जून



मेंढा ठरवायला हाझिम आला. लुत्फीने कपाटाच्या माथ्याकडे बोट केलं— केलं, केलं, आम्हाला कळेपर्यंत करत राहिला. तिथे कुर्बानीची सुरी असते, फडक्यात. हाझिमने काढून दिली. लुत्फीने ती मांडीवर घेतली, फडकं नीट केलं आणि हाझिमच्या हातात ठेवली.

"तू."

चौथा शब्द! पण असला शब्द! लुत्फीच्या बापाने ही सुरी त्याच्या हातात दिली त्या हिवाळ्यात बाप गेला. आजोबांचंही तसंच झालं म्हणतात. आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, या घरात सुरीने हात बदलला की काय होतं.

हाझिम स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडला. "बाबांनी आवरायला घेतलं गं, आई."

"गप्प बस! अभद्र बोलू नकोस." त्याला दटावलं आणि मीच खाली बसले. मग उठून लुत्फीसमोर गेले. "मला विचारलंस? एकटाच ठरवून मोकळा झालास?"

"चहा," तो म्हणाला.

मेंढा हाझिमच्या नावाने ठरला.

शनिवार, १७ जून

दाढी केली. सात केस. एकही बातमी सांगितली नाही. तो दोनदा माझ्या तोंडाकडे बघून राहिला. मी बघितलं नाही.

रविवार, १८ जून

चंद्र दिसला, टीव्हीवर सांगितलं. दरवर्षीप्रमाणे ब्रश, वाटी, साबण खणात ठेवून दिलं.

हाझिमचा फोन आला. "माणूस ठरवू ना, आई?" हो म्हटलं. ज्याने जायचं मनाशी ठरवलंय, त्याच्या गालावरून मी केस वेचत बसू? नाही होणार माझ्याने.

सोमवार, १९ जून

सकाळी बघते तर हा खिडकीशी खुर्चीत. गळ्याला टॉवेल— स्वतः गुंडाळलेला, उलटा. खण उघडा. वाटी मांडीवर.

"अरे, जिल्हेज लागला. आज पहिली तारीख. चालत नाही," म्हटलं.

"कुर्बानी..." मग बराच वेळ नुसतेच ओठ जुळवत राहिला. कपाळावर घाम आला. मी पुसायला वाकले, तर मनगट धरलं माझं.

"कुर्बानी हाझिमची. दाढी— माझी."