आईला आहे का?

वरवंड,
९ डिसेंबर २००४

आदरणीय वन्सं,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे बंधू परवा चैत्यभूमीहून आले, तेव्हापासून खोकतात. कांद्याची लागण उरकली.

काल प्राचीचा फोन आला होता. "मामी, आई रोज डिंकाचे दोन लाडू चारतीय, वर तूप. खाल्लं की पळतेच मी." ती हसत होती. मला हसू आलं नाही.

लाडू तेवढे बंद करा, वन्सं. ती वाळत चाललीय म्हणून तुम्ही मायेनं करता, मला कळतं.

सोमवारी शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पडतंय म्हणता. घरात आणखी कुणाला? आईला आहे का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई बा, माजं प्वाट दगड पचवतंय." डॉक्टर हसले, प्राचीसुद्धा हसली. त्यांनी आमांशाच्या गोळ्या लिहिल्या. तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

मला आहे, वन्सं. नऊ वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत मी नुसता वरणभात घेते, त्यावरून तुम्ही मला चिडवता ना, त्याचं कारण हे.

दौंडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघितलं होतं. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. ते म्हणाले, तेलातुपाचं पचवायला पित्त सुटतं. फार खाल्लं की जास्त सुटतं, त्यातलं थोडं खाली मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जंतू त्याचं रूप बदलतात, आणि सुजलेलं अस्तर आणखी चिडत असावं. पण नुसत्या खाण्यानं हे होत नाही. काहींना त्याची ओढ आईबापाकडून येते. सगळ्याच लेकरांना येते असंही नाही. त्या 'नाही'वर मी इतकी वर्षं काढली.

माझी आई तापानं गेली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती रक्त पडून पडून गेली. शेवटी तिचं लुगडं मीच धूत होते. सव्वा महिन्याची प्राची तुमच्या ओटीत घातली, तेव्हा हे पोटातून पोटी येतं हे मला ठाऊक नव्हतं. पुन्हा कधी तिला माझी म्हणणार नाही, हा शब्द मात्र तेव्हाच दिला होता. सोमवारी मी तो पाळला, आणि ती चुकीच्या गोळ्या घेऊन घरी गेली.

येत्या सोमवारी मी दौंडचे कागद घेऊन येते. प्राचीला बाहेर पाठवून डॉक्टरांना सांगा, जिनं जन्म दिला तिला हा आजार आहे. आई म्हणून तुम्हीच आत बसा.

मी बाहेरच्या बाकावर असेन. ती माझ्याशेजारी येऊन बसेल आणि विचारेल, "मामी, मला बाहेर का काढलं?" तेव्हा काय सांगू, ते आधी कळवा. मला रक्ताची भीती वाटते, आणि तिच्या त्या प्रश्नाचीही.

तुम्ही सांगाल तोवर,
प्राचीची मामी,
पार्वती