पाचवं बोट

प्रिय एल्ले,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. आम्ही सगळे बरे आहोत असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

कळपात वुल्व्हरिन शिरली. नऊ रेनडियर गेल्या, सगळ्या गाभण. बर्फ मऊ होता. आपल्या माद्या पोटापर्यंत रुतत होत्या आणि ती पसरट पंजांवर वरच्यावर धावत आली. पाठीवर झेप, मानेत दात. खाल्ली एकच. बाकीच्यांची मुंडकी तोडून कपारींत, बर्फाखाली पुरून ठेवली. जवळच खोल बीळ निघालं, आत पिल्लं. ती अंगाने आपल्या कुत्र्याएवढीच, पण गोठलेली हाडंसुद्धा कडाकडा फोडते.

त्या बाजूची राखण जोव्नाकाकाकडे होती. तुझे बाबा सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "झोपला होतास ना? कुत्री तरी जागी होती का?" नऊमधल्या चार माद्या त्याच्याच होत्या. तरी यंदा त्याला उन्हाळ्याच्या मुक्कामाला न्यायचं नाही, असं चाललं होतं. मी गप्प. चार दिवस.

कारण आदल्या आठवड्यात गेल्या सालचं एक पाडस मारलेलं सापडलं, तेव्हा माग बघायला नेहमीप्रमाणे मलाच बोलावलं होतं. लहानपणी तू माझ्या मागे मागे यायचीस, तुलाही मी शिकवलंय: रानमांजरासारख्या लिंक्सची चार बोटं, वुल्व्हरिनची पाच. पाचवं कधी कधी उमटतच नाही, म्हणून नीट वाकून बघायचं. मी वाकले. जिथे बघावं तिथेच धुरकट डाग. हे थंडी सुरू झाल्यापासून होतंय, मी कुणाला बोलले नव्हते. म्हटलं, "लिंक्स आहे. खाऊन गेला, आता येत नाही." माझ्या शब्दावर कळप तिथेच राहिला. राखणीला निघालेल्या जोव्नालाही मीच म्हटलं होतं, जरा पाठ टेक.

काल सकाळी त्याच्याकडे गेले. तो दोरी दुरुस्त करत होता. म्हटलं, "भावजी, चूक माझी आहे. मला दिसलंच नाही."

त्याने हातातली गाठ आवळली. मग म्हणाला, "पाच बोटं मला दिसली होती, वहिनी. पण तू चार म्हणालीस. मला वाटलं, माझेच डोळे फुटलेत." आणि मग एकदम भडकला, "चार दिवस तू मला बोलणी खाताना बघत बसलीस?" एल्ले, त्याने मला कॉफी विचारली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी मी सगळ्यांना सांगितलं. बाबा उठून बाहेर गेले. दोन तासांनी आले आणि एवढंच म्हणाले, "जोव्ना येतोय आपल्याबरोबर." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या बर्फावरच्या स्कूटरची चावी माझ्याकडे राहू दे." मी दिली.

शुक्रवारी ट्रॉम्सोला डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोलावलंय. माग काढता आला नाही तर डोंगरावर मी काय करायचं? बाबा कळप सोडून येऊ शकत नाहीत, म्हणून हे पत्र. तिथल्या बसथांब्यावर येशील? आणि आलीस की लांबून नुसता हात हलवू नकोस. मी हलवला नाही तर तुला वाटेल, आई रागावलीय. हाक मार.

तुझीच,
आई