मागच्या बाकावरच्या बाई

प्रिय मावशी,

मला काही सुचेनासं झालंय. आपल्या शाळेत आता शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसून शिकायचं ठरलंय. आज माझ्या सहावीच्या वर्गात कोण आलं असेल? भूमितीच्या बाई! तू निवृत्त होईपर्यंत ज्यांच्याशी बोलली नाहीस, त्याच.

त्या मागच्या बाकावर बसल्या. अपूर्णांकांची बेरीज समजावताना मी फळ्यापाशी अडखळले. आता या माझी शोभा करणार, असं वाटलं. तर त्यांनीच हात वर केला. "बाई, मला नाही कळलं. छेद सारखे कशाला करायचे?" मुलं खुदकन हसली आणि शेजारची मुलगी त्यांना झकास समजावू लागली. तेवढ्यात मीही सावरले.

मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "उद्या माझ्या वर्गात येशील? आठवीची पोरं माझं ऐकतच नाहीत गं." मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या मावशीकडूनही शिकायचं होतं मला. वर्गात बसू का, म्हणून विचारलंही होतं. तिला वाटलं, मी चुका काढायला आलेय."

तू तर म्हणायचीस, ती बाई मुख्याध्यापकांकडे चहाड्या करते. कुणाचं खरं मानू? तुझं बोट धरून मी या पेशात आले, आणि बाईंच्या डोळ्यांतही मला खोटं दिसलं नाही.

उद्या मी त्यांच्या वर्गात जाणार आहे. हे पत्र टाकायचा मात्र धीर होत नाही. रविवारी फोनवर तू विचारशील, "शाळा काय म्हणते?" मी म्हणेन, "बरी आहे."

तुझी, अजूनही लाडकी असले तर,
भाची