सॉनातला सदरा आणि एइनोमामांची जागा

कुह्मो, रविवार

आदरणीय एइनोमामा यांना यालमारीचा नमस्कार.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मामींनी कळवलं. लवकर बरे व्हा. आपल्या शिकारीच्या टोळीला तुमच्यावाचून करमत नाही (दलदलीच्या काठची तुमची दबा धरून बसायची जागा रिकामी आहे, हे आपलं ओघात सांगितलं).

ती जागा यंदा कोणाला द्यायची ते टोळीप्रमुख म्हणून हिल्काबाईच ठरवणार. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून मी नवी रायफल घेतली. घोड्याएवढं मूस हरीण मारायचंय म्हटल्यावर दुकानदाराने आफ्रिकेतल्या रानरेड्यांसाठी बनवलेली रायफल पुढे केली. मीही म्हटलं, रेडा पडतो तिथे मूस काय चीज आहे. एकेक काडतूस माझ्या मधल्या बोटाएवढं. धक्का अजिबात देत नाही, असं मी टोळीत सांगून टाकलं आणि तीस गोळ्यांचा सराव केला. उजवा खांदा पिकल्या ब्लूबेरीसारखा झाला.

काल शनिवार, म्हणजे सगळी टोळी सॉनाच्या वाफेत, अंगावर कपडा नाही. खांदा दिसू नये म्हणून मी सदरा घालूनच आत गेलो. मामा, चर्चमध्ये उघडाबंब गेलो असतो तरी एवढी शांतता पसरली नसती.

"थंडी वाजतेय का रे?" वेइक्कोने तापल्या दगडांवर पाणी ओतत विचारलं.

"जरा सर्दी आहे."

"मग कानटोपी विसरलास बघ."

मी घरी पोचायच्या आत ही बातमी हिल्काबाईंकडे पोचली होती.

आज नेमबाजीची परीक्षा होती. दीड मिनिटात चार गोळ्या, चारही ताटलीएवढ्या वर्तुळात. नापास झालो तर यंदा मोठी शिकारच नाही, मग तुमची जागा कसली मिळते? परीक्षेआधी एक बार करून बघ म्हणून हिल्काबाईंनी माझी रायफल स्वतः भरून दिली. मी नेम धरून चाप ओढला. नुसता खट् आवाज झाला. आत काडतूस त्यांनी घातलंच नव्हतं. पण माझे डोळे मिटलेले, दात आवळलेले, नळी जमिनीकडे आणि मी वीतभर मागे.

"धक्का देत नाही म्हणालास ते खरं आहे रे," हिल्काबाई म्हणाल्या. "तूच स्वतःला देतोस."

वेइक्को हसून हसून खाली बसला.

मग हिल्काबाईंनी मला स्वतःची रायफल दिली. नवऱ्याच्या वेळची, दस्त्याचं लाकूड झिजलेली. चाळीस वर्षं एकाच जातीची गोळी, पुढून मऊ. दर मोसमाआधी तीन झाडून नेम तपासायचा आणि ज्या खोक्यातल्या गोळ्यांनी नेम बसवला त्याच खोक्यातली काडतुसं शिकारीला न्यायची. "मूस आवाजाने मरत नाही," त्या म्हणाल्या. "गोळी जागेवर नाही लागली तर ते मुकं जनावर कुठेतरी झाडीत तडफडत पडतं." एवढं साधं मला तीस गोळ्या झाडूनही सुचलं नव्हतं. त्या बाईंबद्दल मला इतका आदर वाटला की खांदा दुखायचा थांबला. चारही गोळ्या वर्तुळात गेल्या.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
यालमारी

ता. क. तुमची जुनी रायफल अगदी हिल्काबाईंच्या रायफलीसारखीच आहे. या मोसमापुरती मला द्याल का? (कपाटाची किल्ली कुठे असते ते मामींनी सहज सांगितलं आहे.)

पुन्हा ता. क. हिल्काबाई म्हणाल्या, "जागा एइनोचीच. तो परत उभा राहीपर्यंत तू राख." तुम्ही नसलात की ती दलदल खरंच ओकीबोकी वाटते. तरीही वर "लवकर बरे व्हा" लिहिलंय, त्यातलं "लवकर" खोडून वाचावं. गुडघ्याच्या बाबतीत घाई बरी नव्हे, मामा.