तालमीतली तालीम

२४ नोव्हें. ७४, रवि.
आज चांगलीच फजिती. रशीद वस्तादांना मागे विचारलं होतं, पोरांची तालीम घ्यायची आहे, रविवारी दुपारी तुमची जागा मिळेल का? गडी एकदम खूश. "आणा की वैनी, इचारायचं काय त्यात!" आज पोरं घेऊन गेले, तर आखाड्यातली लाल माती उकरून तयार, आणि खुंटीवर लहान मापाचे लंगोट! मी नाटकाच्या तालमीबद्दल बोलत होते, ते कुस्तीच्या. दोघांनाही हसू आवरेना.
मग त्यांची नजर माझ्या मागं गेली. कुसूम, आणि तिच्यामागं चार-पाच परकर. हसू बंद.
"पोरी न्हाईत हं वैनी. मारुतीची तालीम हाय. बाईमाणसानं उंबरा वलांडायचा न्हाई."
म्हणजे मीही बाहेरच. पायरीवर उभी राहून मी नाटक बसवणार!

२५ नोव्हें.
राग अजून उतरलेला नाही. सकाळी यांच्यावर निघाला. "मी काय केलं?" म्हणाले. काही केलं नाही म्हणूनच.
हा उद्योग मला कुणी सांगितलेला नाही, हेही खरं. सांगलीची मुलगी नाटकाशिवाय जगेल कशी, म्हणून लग्नानंतर यांच्या वायरमनच्या नोकरीपायी या गावात आल्यावर पोरं गोळा केली. दर रविवारी गाणी, नकला, मातीची चित्रं. दिवाळीनंतर घरमालकांना आवाज सोसेना. शाळेची कौलं उतरवलेली. राहिली तालीम.
आता मुलगे आत घेऊन मुलींना घरी पाठवू? माझ्याच्यानं होणार नाही. कुसूमसारखं नाटक या पंचक्रोशीत कुणाला येत नाही. बारा वर्षांची पोर, पण रेशन दुकानदाराची नक्कल केली की खुद्द दुकानदार हसतो.

१ डिसें., रवि.
तोडगा निघाला. मुलगे आत, मुली बाहेर लिंबाच्या पारावर, मी मध्ये खिडकीशी. हे म्हणाले, "ट्रॅफिक पोलीस झालीस." होईना का.
नाटक माझंच. राक्षस राज्याचं पाणी अडवून बसतो, राजा त्याच्याशी कुस्ती खेळतो, राक्षस पडतो, पाणी सुटतं. सोपं.
कुसूम सगळ्यांत आधी म्हणाली, "राजा मी."
म्हटलं, अगं, राजाची कुस्ती आत मातीत बसवायची. तू आत जाणार कशी?
"मग?"
"तू प्रधान. राजाला सल्ला देतो तो."
"म्हंजी राजाला डोस्कं नसतंय?"
राजा शिवा झाला. दिसायला देखणा, बोलायला मवाळ. राक्षस बाज्या, वस्तादांचा लाडका पठ्ठा.

८ डिसें.
खिडकीतून नाटक बसवणं म्हणजे ज्याचं त्याला माहीत. आतून राजा ओरडतो, "प्रधानजी, प्रजा का रडते?" बाहेरून प्रधान ओरडतो, "म्हाराज, रडंल न्हाईतर काय करंल?" मध्ये एक म्हैस हंबरते. पोरं मात्र खूश. वाक्यं पाठ होतायत.
कुस्तीचा भाग वस्तादांनी स्वतःहून अंगावर घेतला. "त्ये माझ्यावर सोडा." सोडलं. मला आतलं अर्धंच दिसतं, खिडकीसमोर नेमका खांब.
काल शनिवार. जाता जाता पाहिलं, वस्ताद मारुतीला तेल घालत होते. त्यांचे वडीलही घालायचे म्हणे. मारुती चालतो, मशीद चालते, कुसूम तेवढी चालत नाही. लिहून ठेवते, तोंडावर बोलायची हिंमत आल्यावर बोलेन.

१५ डिसें.
कुसूमची आई पारावर आली. काठी घेऊनच आली होती, म्हशीमागं निघालेली.
"ह्ये एक नाटक करंल. मग बास. शाणी व्हायला आलीया पोर. उद्या लोकं मलाच इचारतील."
मी आपली हो हो म्हणत राहिले. कुसूम खाली मान घालून दोरा गुंडाळत होती. त्या गेल्यावर मान वर केली आणि म्हणाली, "काकी, ह्ये नाटक लय लांबलचक करा. संपायलाच नगं."

२९ डिसें.
कुस्ती कशी चाललीय विचारलं. वस्ताद खिडकीशी आले, उगाच पंच्यानं हात पुसत.
"डाव झक्कास बसल्यात. फकस्त शेवटचं…"
"राक्षस पडतो ना पण?"
"वैनी, खरं सांगू का? आजपातुर पोरांस्नी पाडायला शिकीवलं. पडायला कसं शिकवत्यात, त्ये मला येत न्हाई."
मी हसले. म्हटलं, लोटांगण घालायला सांगा, झालं! तेही हसले. पण मनापासून नाही, असं आता वाटतंय.

१५ जाने. ७५
काल संक्रांतीला सांगलीला, माहेरी गेले. मामांकडे जुन्या नाटक मंडळींची एक पेटी पडून आहे. त्यातून राजमुकुट मिळवला! पुठ्ठ्याचा, पण बेगड अजून शाबूत. मामा म्हणाले, "न्यायचा तर ने, पण राजाचं डोकं बघून दे." मामांना गंमत सुचते.
आणि मामी, "पोरांना शिकवून तुला काय मिळतं गं?" तिळगूळ तोंडात होता म्हणून वाचली.
परत येताना एस्टीत मुकुट मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "म्हाराजांचं तिकीट काढलं का?"

१९ जाने., रवि.
मुकुट शिवाला ढगळ. आत पंचा कोंबला. कुसूमनं घालून बघितला तर अंबाड्यावर घट्ट बसला. पोरी ओरडल्या. मी काढून घेतला, उगाच आशा नको.
वस्तादांनी तालमीच्या मंडळींचं म्हणणं सांगितलं. सव्वीस जानेवारीला खेळ होऊ दे. गावाला आवडला तर रविवार तुमचा. फसला तर जागा बंद.
"आणि मुलींचं?"
"त्ये बी गाव बघंल की."
म्हणजे पोरींचं सगळं त्या एका संध्याकाळीवर. कुसूमला सांगितलं नाही. तिला बहुतेक माहीत आहे.

२६ जाने., सकाळ
झेंडावंदन झालं. घसा बसलाय, माझा! काढा घेतला. हे बैलगाड्या जोडून स्टेज बांधतायत, वायरमनला आपल्याच हातचा उजेड आवडतो. हलगीवाला ठरलाय. बाज्याचे वडील, मिलिटरीतले हवालदार, कालच सुट्टीवर आले. पहिल्या रांगेत बसणार म्हणे.
देवा, काही चुकू देऊ नको.

२७ जाने.
चुकलं! सगळं चुकलं! आणि काय सांगू…
नीट लिहिते.
पहिला भाग उत्तम. प्रधानाच्या वाक्यावाक्याला हशा. मग कुस्ती. इतके दिवस खिडकीतून अर्धी पाहिलेली, काल पहिल्यांदा पूर्ण पाहिली. दोघांनी शड्डू ठोकले आणि आमचं गाव नाटक विसरलं. हलगीवाल्यानं आपसूक कुस्तीचा ठेका धरला. माणसं उठून उभी राहिली. आता राक्षसानं पडायचं. बाज्या पडायला लागलाही होता, एक गुडघा टेकलेला. तेवढ्यात हवालदारांचा आवाज, "बाज्या! बघतोस काय! पट काढ!"
पोरानं बापाचं ऐकलं. पायाला मिठी घातली, आणि राजा उताणा. चितपट!
फेटे उडाले. हवालदार स्टेजवर चढले आणि राक्षसाला खांद्यावर घेऊन नाचायला लागले. मुकुट घरंगळत कडेला. शिवा पडल्या जागी हुंदके देतोय. मी पडद्याआड डोक्याला हात लावून बसले. वस्ताद शेजारी. एवढा मोठा माणूस, पण तोंड चोरासारखं. "वैनी, मी सांगितलं हुतं…" व्हय, सांगितलं होतं बाबा. संपलं, म्हटलं. जागाही गेली, पोरीही गेल्या.
तेवढ्यात प्रधान पुढं आला. कुसूम. मुकुट उचलला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि हवालदारांच्या पुढ्यात जाऊन उभी.
"राक्षसाला खाली उतरवा. त्याला काम हाय."
हवालदारांनी उतरवलं! मिलिटरीत इतकी वर्षं काढलेला माणूस, हुकूम ओळखतो.
कुसूमनं बाज्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. "राज्य जिकलंस न्हवं? मग आता चालीव."
बाज्यानं मुकुट चाचपला. नाटकात हे कुठं होतं!
"रेशनला धान आलंय, निम्मं सडकं. कुणाला सडकं द्यायचं, सांगा म्हाराज. वरल्या आळीचं आन् खालल्या आळीचं हिरीवर भांडाण हाय. आधी पानी कुणाला? राकेलच्या लायनीत म्हातारी चक्कर येऊन पडलीया, तिचा लंबर धरायचा का सोडायचा?"
बाज्या म्हणाला, "मला काय म्हाईत?"
गाव हसलं. कुसूम लोकांकडे वळली. "परजा हो, म्हाराज नवीन हाईत. ज्याची त्याची तक्रार सोता सांगा!"
आणि प्रजा बोलायला लागली! खरीखुरी! मागून एक म्हातारी, "माजी शेळी कुणी न्हेली?" कुणी ओरडलं, "एस्टी फाट्यावर थांबत न्हाई!" "पाटाचं पानी आमच्यातच का तुटतंय?" सरपंच आधी हसत होते, मग हळूच चपला शोधायला लागले. प्रत्येक तक्रारीला प्रधान राक्षसाला वाकून विचारी, "काय हुकूम, म्हाराज?" आणि बाज्या घाम पुशी. रंग गळून तोंडावर ओघळ. शेवटी रडकुंडीला आला. मुकुट काढला आणि कुसूमच्या डोक्यावर ठेवला.
"तूच कर बाई! कुस्ती सोपी हाय ह्याच्यापरास!"
मुकुट बसला. टाळ्या थांबेनात. मी पडद्याआड रडतेय, हसतेय, यांचा हात दाबतेय, आणि हे म्हणतायत, "अगं वायर आहे हातात!"
कुसूमनं हात वर केला. टाळ्या थांबल्या.
"पयला हुकूम. पडल्याल्या राजाला उठवा. दुसरा, राक्षसाला जेवाय घाला, सकाळधरनं उपाशी हाय. आन् पानी सोडा."
पाणी म्हणून ठेवलेली निळी साडी लहरत स्टेजभर पसरली. ही एवढीच गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली.
मी लिहिलेलं नाटक पडलं आणि त्याहून चांगलं उभं राहिलं. जळफळाट व्हायला हवा होता. छे! छाती दोन वीत फुगली आहे.

२९ जाने.
हिरीवर, पिठाच्या गिरणीत, जिथं जावं तिथं "काय हुकूम, म्हाराज?" एस्टी फाट्यावर थांबली म्हणे आज. खरं का खोटं देव जाणे.
हवालदार घरी आले, दारातच सॅल्यूट. "माफ करा. माझ्यामुळं नाटकाचा बट्ट्याबोळ झाला." म्हटलं, असाच पुन्हा करायला या.
जागा मिळाली, तालमीच्या मंडळींचा निरोप आला. मुलींबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कुसूम दोन दिवस दिसलेली नाही. तिच्या दारावरून गेले. आईनं पाणी विचारलं, पोरीला हाक मारली नाही.

२ फेब्रु., रवि.
घाईघाईनं गेले. तालमीबाहेर लिंबाखाली गर्दी. बाज्या, शिवा आणि चार पोरं आतून पाट्या भरभरून लाल माती आणत होती आणि पाराशेजारी ओतत होती. वस्ताद अनवाणी त्यात, आखाड्यात घालतात तसं, ताक आणि हळद कालवत होते.
"हे काय वस्ताद?"
वर न बघता म्हणाले, "पोरींनी आत यायचं न्हाई. रीत हाय ती. पन मातीनं भाईर जायाचं न्हाई, आसं कुटं हाय?"
तोंडावर बोलायचं म्हणून इतके दिवस जपून ठेवलेलं सगळं विरघळलं. नमस्कार केला. ते लाजले. "नाटकात पडायचं आसतंय म्हनं. मला बी शिकाय पायजे."
पोरी काठावर उभ्या. मातीत पाय टाकायची कुणाची हिंमत होईना. तेवढ्यात कुसूम आली. धावत, परकर खोचत, घरून सुटून आलेली हे स्पष्ट दिसत होतं.
"काकी, पुढल्या नाटकात राक्षस मी."
वस्ताद म्हणाले, "आधी पाया पड मातीच्या."
ती वाकली. चिमूटभर कपाळाला लावली.
मी रस्त्याकडे पाहिलं. तिची आई येत होती, झपाझप. हातात काही तरी होतं. काठी का भाकरीचं फडकं, लांबून कळेना.
कुसूमनंही पाहिलं. मग तिकडे पाठ केली, आणि मातीत पाय ठेवला.